मेव्हिस हेसलडेनची सात पिल्लं

थॉर्नबेकच्या बाजारचौकात उभं राहून कुठल्याही दिशेला मान वळवली, तरी मेव्हिस हेसलडेनच्या हातचं काहीतरी दिसतंच. खाटकाच्या दुकानावरची सोनेरी अक्षरं तिची. शाळेच्या फाटकावरचं नाव तिचं. 'काळा मेंढा' नावाच्या पबच्या पाटीवर जो मेंढा आहे तोही तिचाच. तो त्या काळच्या पाद्रीबाबांसारखा हुबेहूब दिसतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक पाद्रीबाबा सोडून. ते बिचारे तीस वर्षं त्याच पाटीखाली बसून बिअर प्यायले आणि 'मेंढ्याच्या चेहऱ्यावर काय सात्त्विक भाव आणलेस गं' म्हणून मेव्हिसची पाठ थोपटत राहिले. कुणी त्यांना सांगितलं नाही. थॉर्नबेकमध्ये असल्या गोष्टी सांगत नाहीत.

मेव्हिसचे वडील वॉल्टर पाट्या रंगवायचे. त्यांना मुलगा नव्हता, आणि मुलीचे हात स्थिर आहेत हे त्यांनी ती नऊ वर्षांची असताना चहाचा भरलेला कप नेताना पाहिलं होतं. त्यांनी तिला एका रिकाम्या पेटीवर उभं केलं. डाव्या हातात टोकाला चामड्याची गुंडी असलेली काठी दिली, त्या काठीवर उजवं मनगट टेकवायला लावलं, आणि खारीच्या केसांचा कुंचला बोटांत ठेवला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरीला शिडीवर चढवणार आहात का आता?" वॉल्टर म्हणाले, "आधी पेटीवर तर चढू दे."

सरळ रेघ तिला महिन्याभरात जमली. गोल अक्षरं वर्षात जमली. शेवटी शिकवली ती अपॉस्ट्रॉफी. वॉल्टर त्या खुणेला 'बेडकाचं पिल्लू' म्हणायचे, कारण ती दिसतेच तशी: वर काळं गोल डोकं, खाली वळलेली बारीक शेपूट. इंग्रजीत नावानंतर, शेवटच्या एसच्या आधी, वरच्या बाजूला ते पोहत असतं. मराठीत 'टॅबिथाचं अंगण' म्हणताना 'चं' जे काम करतं, तेवढंच काम ते इवलं पिल्लू करतं.

"डोकं दाबून, शेपूट सोडून," वॉल्टर सांगायचे. "दाबलंस, वळवलंस, की हळूच कुंचला उचलायचा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"एवढ्याशा ठिपक्यासाठी?"

त्या दिवशी ते टॅबिथाच्या अंगणाच्या तोंडाशी उभे होते. तीन बाजूंनी दगडी घरं आणि मध्ये फरसबंदी चौक. फार पूर्वी टॅबिथा नावाची एक धोबीण इथं राहायची. तिनं आपलं अंगण गावाला कपडे वाळत घालायला मोकळं ठेवलं होतं. तिचं थडगं कुठं आहे तेसुद्धा कुणाला माहीत नाही.

"हे पिल्लू गाळलंस तर नाव उरेल, बाई जाईल," वॉल्टर म्हणाले. "तिचं होतं म्हणून सांगणारं गावात दुसरं काही नाही."

मेव्हिसनं श्वास रोखला आणि पिल्लू काढलं. ते जरा लठ्ठ झालं. वॉल्टरनी ते पुसून पुन्हा काढायला लावलं. असं चार वेळा झालं.

लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "शिडी धरणारा भेटला असता तर केलं असतं. भेटले ते सगळे वर चढून मला शिकवणारे." वॉल्टर गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. पासष्टाव्या वर्षी बंद केलं, पण शिडी, काठी आणि कुंचले मागच्या खोलीत ठेवून दिले.

त्याच सुमारास जिल्हा कचेरीनं गावातल्या सगळ्या जुन्या पाट्या उतरवून पत्र्याच्या नव्या पाट्या लावल्या. कुठल्याही पाटीवर पिल्लू नव्हतं. कचेरीचं म्हणणं होतं की संगणकावरच्या नकाशाला त्या खुणांनी अडचण होते. मेव्हिसनं चार पानी पत्र लिहिलं. 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' असं दीड ओळीचं उत्तर आलं. गावात गल्लीबोळ मिळून अशी सात ठिकाणं होती: टॅबिथाचं अंगण, मोच्याच्या पायऱ्या, विधवेची विहीर, पिकर्सगिलची बोळ, गिरणीवाल्याचा पूल आणि आणखी दोन. सातही जणांची मालकी एका आठवड्यात गेली.

जूनमध्ये तिथं पहाटे चारलाच उजाडतं. अशाच एका पहाटे साडेचार वाजता मेव्हिस शिडी खांद्यावर घेऊन निघाली. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. गाव गाढ झोपलंय असं तिला वाटलं. दोन पहाटांत तिनं सातही पिल्लं जागच्या जागी आणून सोडली, आणि दुपारी पावाच्या दुकानात रांगेत उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा चर्चमधल्या पुतळ्यासारखा निर्विकार होता. कुणी काही बोललं नाही. आपलं काम चोख झालं, कुणाला पत्ता लागला नाही, याचा तिला मनातून फार अभिमान वाटला.

मग ते दरवर्षीचंच झालं. मे महिन्यात कचेरीतून साहेब तपासणीला यायचे. त्याआधी कचेरीचा कामगार डेस्मंड ऑग्डेन बादली आणि टर्पेंटाइन घेऊन पाट्या पुसायचा. डेस म्हणजे पन्नाशीचा, पोट सुटलेला, बडबड्या माणूस. पावाच्या दुकानात तो मोठ्यानं सांगायचा, "मंगळवारी पाट्या पुसायच्यात बुवा. गुरुवारी साहेब येणार. एकदा शुक्रवार उजाडला की पुढल्या मेपर्यंत आपण पाट्यांकडे बघत नाही." मेव्हिस मागे उभी राहून मनुकांचा बन निरखायची. ह्याच्या तोंडाळपणाचा आपल्याला किती फायदा होतो, असं मनात म्हणायची. जून लागला की पुन्हा शिडी खांद्यावर. अशी दहा वर्षं गेली.

अकराव्या वर्षी, फेब्रुवारीत, ती पोस्टासमोरच्या बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर एप्रिलमध्ये निघालं. हाड जुळलं होतं, पण हात पूर्वीचा राहिला नव्हता. चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिणायचा.

आणि नेमकं त्याच मे महिन्यात गावाच्या सभेत जाहीर झालं की आता ओतीव लोखंडाच्या पाट्या येणार. सोमवार, एक जुलैला, सकाळी दहा वाजता ओतकामाच्या कारखान्यातून मिस्टर बेवन येतील. ते प्रत्येक पाटीचा फोटो काढतील आणि भिंतीवर जसं आहे तसंच लोखंडात ओततील. "शंभर वर्षं बघायला नको," सभेचे अध्यक्ष म्हणाले.

लोखंडात ओतलेलं पिल्लू कुठल्याही टर्पेंटाइननं निघणार नव्हतं. आणि एक जुलैला भिंतीवर नसलेलं पिल्लू पुढची शंभर वर्षं परत येणार नव्हतं.

डेसनं ठरल्याप्रमाणे पाट्या पुसल्या. साहेब येऊन गेले. मेव्हिस रोज सकाळी बिस्किटांच्या डब्याचं झाकण पालथं घालून त्यावर सराव करायची. काठी, काठीवर मनगट, मनगटापुढे कुंचला. डोकं कसंबसं जमायचं. शेपूट सोडताना हात असा थरथरायचा, की पिल्लाला जणू पाय फुटायला लागलेत. झाकण पुसायची, पुन्हा काढायची. जूनचा शेवटचा आठवडा आला तरी पाय फुटायचे थांबले नाहीत.

तरीही गुरुवारी पहाटे ती निघाली. टॅबिथाच्या अंगणाशी शिडी लावली आणि तीन पायऱ्या चढली. श्वास रोखला. कुंचला पाटीला लागला आणि हातानं जे करायचं तेच केलं. काळा ओघळ 'एस'वरून खाली उतरला. तिनं फडक्यानं पुसलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं कुंचला पाटीला लावलाच नाही. शिडीच्या वरच्या पायरीला कपाळ टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली. मग खाली उतरली, शिडी उचलली आणि घरी गेली. वाटेत सगळे पडदे ओढलेले होते.

त्याच दिवशी अकरा वाजता शेजारची थेल्मा रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा गरम गोड पदार्थ वाटीत घेऊन आली. थेल्मा मेव्हिसपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघींची सत्तर वर्षांची मैत्री, त्यातली निम्मी कुंपणाच्या अल्याडपल्याड उभं राहून झालेली.

"हवा छान पडलीय," थेल्मा म्हणाली.

"छानच आहे."

"मी म्हटलं, पडदे धुवून काढावेत. तुझी शिडी मिळेल का गं दोन दिवस?"

"तुझ्याकडे शिडी आहे."

"ती डुगडुगते."

"घेऊन जा," मेव्हिस म्हणाली. "मला काय करायचीय आता ती."

थेल्माला काहीतरी बोलायचं होतं. पण ती म्हणाली, "थंड व्हायच्या आत खा," आणि शिडी घेऊन गेली.

शुक्रवारी पावाच्या दुकानाची मालकीण दारात. खिडकीची चौकट रंगवायची आहे, एखादा बारीक कुंचला मिळेल का? मेव्हिसनं होते तेवढे सगळे देऊन टाकले. शनिवारी पबचा मालक आला. त्याला काळा रंग हवा होता, थोडासाच, चमचाभर; मेव्हिसनं डबाच देऊन टाकला. रविवारी चर्चमधून परतताना शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी अगदी सहज विचारलं, "ती तुमची टेकवायची काठी असते ना, ती कुठल्या हातात धरतात हो?"

"डाव्या," मेव्हिस म्हणाली. "कशाला हवंय?"

"असंच. वाचनात आलं होतं."

माझं दुकान बंद झालंय म्हणून लोक सामान वाटून घेतायत, असं मेव्हिसच्या मनात आलं. माणूस जिवंत असतानाच. तिला रागही आला नाही. रिकाम्या खोलीत ती बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी पहाटे तिला नेहमीच्या वेळी जाग आली. शिडी नव्हती, कुंचला नव्हता, रंग नव्हता. पाट्या एकदा शेवटच्या बघून याव्यात, एवढ्यासाठी ती कोट घालून निघाली.

टॅबिथाच्या अंगणाच्या पाटीवर पिल्लू होतं.

ते लठ्ठ होतं, एका कुशीवर कलंडलेलं होतं, त्याची शेपूट आखूड होती, पण होतं. मेव्हिस तशीच भरभर मोच्याच्या पायऱ्यांकडे गेली. तिथं तीन होती. एक काळं, एक निळं, आणि एक जांभळ्या नेलपॉलिशचं. तिघं रांगेत, बसची वाट बघत असल्यासारखी. पिकर्सगिलच्या बोळीवर एक उलटं, डोकं खाली आणि शेपूट वर. आणि साउथ स्ट्रीटच्या पाटीवरसुद्धा एक! साउथ स्ट्रीटला कधीच पिल्लू नव्हतं. दक्षिण दिशा कुणाच्या मालकीची असणार?

विधवेच्या विहिरीपाशी शिडी लागलेली होती. शिडीवर एक रुंद पाठ होती, कचेरीच्या पिवळ्या जाकिटातली.

"डेस!"

शिडी हलली. डेसनं पाटीला मिठी मारली. थोड्या वेळानं वळला.

"हवा बरी आहे आज, मिस हेसलडेन."

"वर काय करतोयस तू?"

"पुसतोय."

"तुझ्या हातात कुंचला आहे. माझा."

डेसनं कुंचल्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी हातात दिला असावा. "हो का? मला पाववालीनं दिला. तिची चौकट रंगवून झाली म्हणाली."

"ती मोच्याच्या पायऱ्यांवरची तीन कुणाची?"

"तीन?" डेसला खरंच आश्चर्य वाटलं. "तिथं मी काल गेलोच नाही. पबवाला म्हणाला तो कुठंच गेला नव्हता, म्हणजे एक त्याचं. जांभळं बहुतेक मुख्याध्यापिकाबाईंचं. काय गोंधळ! एकमेकांना विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"असं कसं विचारणार? तुमची खाजगी गोष्ट आहे."

"डेस, तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही माझ्या बहिणीच्या खिडकीसमोर शिडी लावली होतीत. तिनं लगेच पडदा ओढून घेतला."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला संकोच वाटला असता."

"आणि आणखी कुणाला ठाऊक आहे?"

डेसनं मनातल्या मनात गाव फिरून पाहिलं. "ख्रिसमसला ते नवीन जोडपं राहायला आलंय ना, त्यांना नसेल. नाही नाही, त्यांनाही सांगितलंय. जूनमध्ये सहाच्या आत कुत्र्याला बाहेर काढू नका म्हणून."

मेव्हिस विहिरीच्या कठड्यावर बसली. "आणि तू ते दुकानात ओरडून सांगायचास, मंगळवार, गुरुवार..."

"मग काय, घरी येऊन सांगू? तुम्ही म्हणाला असतात, मला कशाला सांगतोस." तो एक पायरी खाली आला. "आणि मी पुसायचो ते नीट नाही पुसायचो, मिस हेसलडेन. खाली ठसा राहू द्यायचो. म्हणजे तुम्हाला जागा शोधायला नको."

हे तिला जरा लागलं. दहा वर्षं दर जूनमध्ये कुंचला पहिल्याच खेपेला अचूक जागी जायचा, आणि ती मनाशी म्हणायची, नजर अजून शाबूत आहे बरं का. मग तिला पाद्रीबाबा आठवले. तीस वर्षं स्वतःच्याच तोंडाखाली बसून बिअर पिणारे. तिच्या खांद्यांना हसू फुटलं, ते पोटापर्यंत गेलं, आणि ती कठडा धरून इतकी हसली की समोरच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकला आणि पुन्हा जागेवर आला.

"अहो, बघा आता काय बघायचं ते!" ती खिडकीकडे बघून ओरडली. "चांगलं उघडून बघा!"

पडदा उघडला. मग त्याच्या शेजारचा.

"उतरू का?" डेसनं विचारलं.

"उतरू नकोस. तू काढलंयस ते पिल्लू नाही, गोगलगाय आहे. पूस ते." मेव्हिस उठली, विहिरीपाशी पडलेली एक काठी तिनं त्याला वर दिली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "काठी डाव्या हातात घे. मनगट टेकव. हां. डोकं दाबून, शेपूट सोडून. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"आणि मेलो तर?"

"पिल्लू पूर्ण करून मर."

पहिलं फसलं. दुसरं फसलं. तिसरं पोहू शकलं असतं.

सात वाजेपर्यंत अर्धं गाव रस्त्यावर होतं. कुणी ड्रेसिंग गाऊनमध्ये, कुणी चहाची किटली घेऊन. प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता, 'मला वाटलं मी एकटाच,' 'मला वाटलं मी एकटीच.' डेस वर, मेव्हिस खाली शिडी धरून, अशी ती वरात पाटीमागून पाटी करत निघाली. जांभळं पुसलं गेलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी आकाशातले ढग पाहिले. साउथ स्ट्रीटचं पुसायची वेळ आली तेव्हा मेव्हिसनं विचारलं, "हे कुठल्या गाढवाचं?"

"माझं," पबवाला म्हणाला. "म्हटलं एखादं जास्तीचं असू दे."

टॅबिथाच्या अंगणापाशी पोचेपर्यंत सव्वानऊ वाजले होते. डेसनं शिडी लावली, टर्पेंटाइनचं फडकं पिळलं. गर्दीत मागे उभी असलेली थेल्मा हळूच पुढे आली. तिच्या नखांत काळा रंग होता.

"मी तीनदा पुसून पुन्हा काढलंय ते," ती फक्त मेव्हिसला ऐकू जाईल असं म्हणाली. "वर चढले की माझाही हात थरथरायचा गं. गुरुवारी तू गेलीस ना शिडी घेऊन, ते मी पाहिलं. पडद्याच्या फटीतून. पाहायला नको होतं."

मेव्हिस त्या लठ्ठ, कलंडलेल्या पिल्लाकडे पाहत राहिली. वॉल्टरनी ते नक्की पुसायला लावलं असतं. चार वेळा.

"पुसू ना?" डेसनं वरून विचारलं.

"राहू दे," मेव्हिस म्हणाली.

"वाकडं आहे पण."

"राहू दे म्हटलं ना. उतर खाली, चहा घे."

दहाच्या ठोक्याला मिस्टर बेवन कॅमेरा घेऊन आले. गंभीर चेहऱ्याचा, नीटनेटका माणूस. पहिल्याच पाटीपाशी त्यांनी नाक वर केलं. "रंगाचा वास येतोय."

मग थेल्मा म्हणाली, "खिडक्या रंगवायचे दिवस आहेत आमच्याकडे."

"हो, याच दिवसांत," पाववाली म्हणाली.

"हवा कोरडी असते ना," डेस म्हणाला.

मिस्टर बेवन डेसच्या शिडीच्या तीन पायऱ्या चढले आणि त्यांनी पिल्लाच्या डोक्याला अलगद बोट लावलं. बोट काळं झालं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या, आकाशाचं फार बारकाईनं निरीक्षण करणाऱ्या तीसेक माणसांकडे. खिशातून रुमाल काढून बोट पुसलं.

"भिंतीवर असेल तसं उतरवायचं, एवढंच मला सांगितलंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

पाट्या ऑक्टोबरमध्ये लागल्या. काळं जड लोखंड, त्यावर उठून आलेली पांढरी अक्षरं. कचेरीचे साहेब समारंभाला आले होते. पहिल्या पाटीखाली ते जरा जास्त वेळ थांबले, मग मेव्हिसला म्हणाले, "हवा छान आहे तुमच्याकडे." मेव्हिस म्हणाली, "छानच आहे."

हल्ली दर शनिवारी मेव्हिसच्या मागच्या खोलीत बिस्किटांच्या डब्यांची झाकणं पालथी पडलेली असतात. डेस येतो, मुख्याध्यापिकाबाई येतात, थेल्मा नुसती चहा करायला म्हणून येते आणि दोन झाकणं भरून जाते. बाजाराला जाताना मेव्हिस टॅबिथाच्या अंगणावरून जाते. थोडा लांबचा रस्ता आहे. पाटी तिच्या हाताला पोचत नाही, तेव्हा ती छत्रीचं टोक उंचावून त्या लठ्ठ पिल्लाच्या डोक्यावर एकदा टेकवते.

"हे माझ्या हातचं नाही म्हणून लोकांना सांगून ठेव हं," परवा ती थेल्माला म्हणाली. "माझं नाव खराब व्हायचं."

"सांगायला कशाला हवं," थेल्मा म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक आहे."